मामा शिक्षा भोगून घरी आलाय, तोंडाची कॅन्सर तपासणी करायची आहे – कोल्हापुरात कुठं आणि कशी?

बावड्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. विषय अडचणीचा आहे म्हणून नावगाव गाळून लिहितोय, समजून घ्या.

माझा सख्खा मामा, वय ५४, बरीच वर्षं शिक्षा भोगून नुकताच घरी आलाय. जेल जिल्ह्याबाहेरचं, कुठलं ते सांगत नाही. आत जायच्या आधीपासून तंबाखू आणि मावा दोन्ही, आणि आतपण सुटलं नव्हतं हे त्याच्या दातांवरनं कळतंयच. आल्यापासनं बघतोय, भाकरी चावून खात नाही, आमटीत कुस्करून गिळतो. आजी म्हणते आतल्या जेवणानं भूक मेली असेल. मी म्हटलं आ कर बघू, तर तोंड पुरतं उघडतच नाही, आणि डाव्या गालाला आतनं पांढरा खरखरीत चट्टा. दुखत नाही म्हणतो. दवाखान्याचं नाव काढलं की चप्पल घालून बाहेर. त्यात रेशनकार्डावरचं नाव गेलंय, आधारला जो मोबाईल नंबर होता तो कुणाच्या नावावर आहे देव जाणे.

तर मला एवढंच पायजे की कार्डबिर्ड नसताना तपासणी होते का, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, आणि जेलमधनं आलाय हे सांगावं लागतंय का. आत काही तपासलं असेल तर त्याचे कागद मिळतात का? घरात कुणाला काही माहीत नाही, सगळे नुसते माझ्याकडं बघतात.

दातांचा_डॉक्टर

भावा, दुखत नाही हीच भानगड आहे. सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून लोक थांबतात आणि दुखायला लागल्यावर येतात तेव्हा मानेत गाठ आलेली असते.

तू सांगतोस त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंड कमी उघडणं हे सुपारीचं काम (माव्यात तंबाखूपेक्षा सुपारीच जास्त असते हे लोक विसरतात), गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ होत जाते, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. घरी बघायचं असेल तर मामाला त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालायला सांग, जात नसतील तर तोंड कमी उघडतंय. पांढरा चट्टा जो पुसून निघत नाही तो ल्यूकोप्लाकिया असू शकतो. दोन्ही कॅन्सर नव्हेत, कॅन्सरच्या आधीच्या अवस्था आहेत, सगळ्यांचं पुढं कॅन्सर होत नाही पण काहींचं होतं आणि कुणाचं होणार हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. लाल चट्टा असेल तर जास्त घाई करायची. दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर वाट बघायचीच नाही.

आता एक महत्त्वाचं. मामाला 'स्क्रीनिंग' नको आहे. स्क्रीनिंग म्हणजे काही त्रास नसलेल्या माणसाला चाळून बघणं. त्याला दिसतंय, म्हणजे त्याला सरळ तपासणी आणि बहुतेक बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणं) लागेल. शिबिर कधी आहे म्हणून वाट बघत बसू नकोस. सीपीआरला (आपलं कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) दंत विभागात नाहीतर कान-नाक-घसा ओपीडीत केसपेपर काढून जा. केसपेपरला रेशनकार्ड लागत नाही.

तिकटीवरचा

सगळं ठीक आहे पण राग मानू नका, ज्यानं गुन्हा केला त्याच्या फुकट तपासण्या आणि आम्ही प्रामाणिकपणे कर भरून प्रायव्हेटला पैसे मोजायचे? आमच्या गल्लीतल्या म्हातारीला साधी सोनोग्राफी मिळत नाही वेळेवर.

बावड्याचा_पोरगा

दादा, शिक्षा झाली तेवढी भोगून आलाय तो. कोर्टानं वर्षं दिली होती, गाल दिला नव्हता.

निर्दोष_सुटलेला

तिकटीवाले भाऊ, मी तीन वर्षं आत होतो, कच्चा कैदी, शेवटी निर्दोष सुटलो. देशातल्या जेलात चारातले साधारण तीन जण कच्चेच आहेत, म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा सिद्ध नाही. आणि म्हातारीला सोनोग्राफी मिळत नाही तर ती मिळाली पायजे, मामाचं तोंड बघितलं म्हणून तिची सोनोग्राफी अडत नाही.

बाळा, मामा दवाखान्याला का भितो ते मी सांगतो. आतनं बाहेरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे पोलीस गार्ड मिळावा लागतो. गार्ड आला तर तारीख, नाही आला तर तारीख गेली, बंदोबस्त निघाला की पयला दवाखाना रद्द. आणि नेलं तरी सगळ्या ओपीडीतनं दोन पोलिसांच्या मधनं चालायचं, लोक पोरं मागं ओढून घेतात. एकदा तसं जाऊन आलेला माणूस परत नाव काढत नाही, दाढ दुखली तर गोळी मागून घेतो आणि गप बसतो. आत तब्येतीची तक्रार करणारा म्हणजे कामचुकार अशी पण एक समजूत असते. ती सवय सुटल्यावर लगेच जात नाही. मी सुटून आल्यावर कितीतरी दिवस कुठल्याबी दारातनं आत जाताना कुणीतरी 'जा' म्हणायची वाट बघत उभा राहायचो.

तंबाखूचं म्हणाल तर कागदावर बंद. आत तीच करन्सी. पुडीवर कपडे धुऊन मिळतात, जागा मिळते. ज्याला बाहेर सवय नव्हती त्याला पण आत लागते, कारण करायला दुसरं काय असतं.

आशा_ताई_करवीर

मी करवीर तालुक्यात आशा आहे. तुमचं वाचून माझ्या गावातली दोन घरं डोळ्यासमोर आली.

३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा आम्ही एक फॉर्म भरतो, सीबॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, असे गुण असतात, चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. त्याच फॉर्मात तोंड उघडायला त्रास आहे का, तोंडात न भरणारी जखम किंवा चट्टा आहे का, आवाज बदललाय का, हे पण विचारायचं असतं. मग उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, सीएचओ (तिथले आरोग्य अधिकारी) टॉर्च लावून तोंड बघतात. बीपी-शुगर तिथंच. पैसे काही नाहीत.

पण अडचण खरी सांगते. आम्ही घरोघर जातो तेव्हा घरात जेवढी माणसं सांगतात तेवढीच लिहितो. जेलमधल्या माणसाचं नाव घरचे सांगतच नाहीत, "मुंबईला असतोय" म्हणतात. मग तो परत येतो तेव्हा आमच्या यादीत नसतो, आणि आल्यावर पण घरचे बोलत नाहीत. आणि पुरुष तर एरवीसुद्धा आम्हाला सापडत नाहीत, दिवसा कामावर, संध्याकाळी पारावर. बायकांचं बरं, त्या लसीकरणाच्या दिवशी भेटतातच.

तेव्हा तुमच्या आशाला फोन करा आणि सांगा, आमच्या घरात एक माणूस वाढलाय, नाव लिहून घ्या. कुठनं आलाय ते सांगायची गरज नाही, फॉर्मात तसला रकानाच नाही.

पेठेतला_पैलवान

एवढं कशाला, प्रायव्हेट लॅबवाले फुल बॉडी पॅकेज देतात की, कॅन्सर मार्करसकट, घरी येऊन रक्त नेतात. मामाला कुठं जायलापण नको.

दातांचा_डॉक्टर

पैलवान, नका करू. रक्तातल्या त्या सीईए, सीए १९-९ वगैरे मार्करनी धडधाकट माणसातला कॅन्सर शोधता येत नाही. ते आधीच कॅन्सर झालेल्या पेशंटला उपचार लागू पडतोय का बघायला वापरतात. गालातला चट्टा तर कुठल्याच रक्ततपासणीत दिसणार नाही. तोंड बघायला टॉर्च, लाकडी पट्टी आणि हातमोजे लागतात. गालाच्या आत दोन्हीकडं, हिरड्या आणि ओठांच्या मधली खाच (तंबाखूची चिमूट जिथं ठेवतात तिथं), जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू, आणि मानेला हात लावून गाठी. काही मिनिटांचं काम.

हे उगाच नाही सांगत. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ पासून मोठा प्रयोग झाला, डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन दर तीन वर्षांनी लोकांची तोंडं बघायचे. २००५ ला लॅन्सेटमध्ये निकाल आले, तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी. व्यसन नसलेल्यांत फारसा फरक नाही. म्हणजे तपासणीचा फायदा कुणाला, तर मामासारख्यांनाच. आणि आपल्याकडं पुरुषांत तोंडाचाच कॅन्सर पहिल्या नंबरावर आहे.

रंकाळा_रिटायर्ड

मी आरोग्य खात्यातनं रिटायर झालोय. डॉक्टरांनी तोंडाचं सांगितलं, पण जेलमधनं आलेल्या माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी लोक विसरतात म्हणून लिहितो.

एक, लिव्हर. आत एकच ब्लेड चारचौघांत फिरतं, एकाच सुईनं गोंदून घेतात, काहींना इंजेक्शनची नशा. त्यातनं हिपॅटायटिस बी आणि सी. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि मग लिव्हर सुकतं, त्यातनं कॅन्सर. ही तपासणी रक्ताची आहे आणि २०१८ पासनं राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात फुकट आहे, औषधंसुद्धा. सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी राहिला तरी गोळ्यांनी आटोक्यात राहतो, आणि लिव्हर खराब झालेलं असेल तर सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची. मामाच्या हातावर आतलं गोंदण असेल तर हे कराच. एचआयव्हीची पण त्याच वेळी करून घ्या, सीपीआरच्या आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात) होते, नाव बाहेर जात नाही.

दोन, खोकला. दाटीवाटीनं राहिल्यामुळं जेलात टीबी जास्त. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायचीच. पण उलटंही होतं, बिडी ओढणारा माणूस, एक्सरेत डाग, थुंकीत काही सापडत नाही तरी टीबीच्याच गोळ्या चालू, आणि महिने गेल्यावर कळतं की फुफ्फुसात गाठ होती. गोळ्या चालू असून वजन घटतंय, थुंकीत रक्त येतंय तर सीटी स्कॅनचं विचारा. अमेरिकेत ५० ते ८० वयाच्या जास्त सिगारेट ओढणाऱ्यांना दरवर्षी कमी डोसचा सीटी करायला सांगतात, आपल्या सरकारी कार्यक्रमात तो नाही, आणि आपल्याकडं जुन्या टीबीचे व्रण इतके की त्यात गोंधळही बराच होतो.

प्रोस्टेटच्या कॅन्सरची पीएसए ही रक्ततपासणी कुणी विचारेल म्हणून सांगतो, ती पण सरसकट करत नाहीत. लघवीला त्रास असेल तर वेगळं.

वकीलीण_कसबा

कागदांबद्दल मी सांगते.

जेलमध्ये दाखल करताना वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवायची हे १८९४ च्या कारागृह कायद्यातच आहे. त्याच कायद्यात असंही आहे की गंभीर आजारी बंद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला सुरक्षित वाटेपर्यंत सोडायचं नाही. पण ते तीव्र आजाराबद्दल, तापानं फणफणलेला माणूस गेटबाहेर काढू नये म्हणून. गालातल्या न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी १८९४ च्या साहेबानं काही लिहिलेलं नाही. त्यामुळं सुटताना माणसाच्या हातात त्याचे कपडे, मजुरीचे पैसे आणि सुटकेचा दाखला पडतो, दवाखान्याची फाईल आतच राहते.

ती मागता येते. मामाच्या सहीनं जेल अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज, माझ्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती द्या. दाद दिली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वतःचीच माहिती मागतोय त्यामुळं 'खासगी माहिती' म्हणून नाकारायला नको. जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्याच आवारात, वकील मोफत मिळतो, हेल्पलाईन १५१००. पण फाईल येईपर्यंत तपासणी थांबवू नका, फाईलमध्ये बहुतेक दाढदुखीच्या गोळ्याच निघतील.

आणि कुणाचा माणूस अजून आत असेल, संचित रजेवर नाहीतर पॅरोलवर घरी येत असेल, तर त्या रजेतच पहिल्या आठवड्यात तपासून घ्या. शेवटच्या दिवसांत बायोप्सी केली की रिपोर्ट येतो तेव्हा माणूस परत आत. तसं झालंच तर रिपोर्टची प्रत घरच्यांनी अर्जासोबत जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडं द्यायची आणि पोच घ्यायची. पोच विसरू नका.

तिकटीवरचा

पुढचा खर्च किती येतो पण? समजा निघालाच तर.

पेशंटचा_भाऊ

तिकटीवरचे, माझ्या थोरल्या भावाचं जिभेचं ऑपरेशन झालंय म्हणून सांगतो (तो जेलबिल कुठं नव्हता, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम). महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झालं, ऑपरेशन आणि नंतरची रेडिएशन दोन्ही. आता रेशनकार्ड कुठल्या पण रंगाचं चालतं, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथं जायचं, डॉक्टरच्या आधी. हेल्पलाईन १५५३८८. योजना उपचाराला आहे, त्यामुळं सुरुवातीची तपासणी सरकारीतच करा.

मामाचं नाव कार्डावर नाही ते मात्र आत्ताच बघा, निदान झाल्यावर पळापळ करू नका. ई-केवायसी न झालेली बरीच नावं अशीच गेली आहेत, आणि जो माणूस घरातच नव्हता त्याचा अंगठा कोण देणार. आधी आधारचा मोबाईल नंबर बदला, पोस्टात होतं, मग तहसीलदार कचेरीत पुरवठा शाखेत नाव घालायचा अर्ज, सुटकेचा दाखला जोडून. तिथला क्लार्क दाखला वाचून तुमच्याकडं बघेल. बघू दे.

निर्दोष_सुटलेला

जिल्हा परिविक्षा अधिकारी म्हणून एक ऑफिस असतं, महिला व बालविकासकडं, सुटलेल्या बंद्यांना धंद्यासाठी अनुदान देतात. तिथं पण जाऊन या. मला ते सुटल्यावर वर्षभरानं कळलं, सुटताना कुणी सांगितलं नाही. दवाखान्याचं त्यांच्याकडं काही नाही, पण कागद करायला मदत होते.

आणि मामाला नेताना एकट्याला पाठवू नको, आणि चारजण मिळून पण नेऊ नको, ते गार्डासारखं वाटतं. तू एकटा जा. मोटरसायकलवरनं. आधी रांगेत तू उभा राहा, त्याला बाहेर चहा प्यायला बसव, नंबर आला की बोलव.

बावड्याचा_पोरगा

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसलो तर रात्र होईल. नेलं मामाला. निर्दोष भाऊंनी सांगितलं तसंच केलं, मी रांगेत, तो दसरा चौकात चहाच्या गाड्यावर. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, "काका किती वर्षं खाताय" एवढंच विचारलं, कुठं होता वगैरे काही नाही. तोंड बघितलं, गालाचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. हिपॅटायटिस, एचआयव्ही दोन्ही रक्तं दिली, ती निगेटिव्ह आली.

बायोप्सीचा रिपोर्ट आज मिळाला, त्यात मॉडरेट डिस्प्लासिया असं लिहिलंय. कॅन्सर नाही म्हणाल्या पण परत बोलावलंय. डॉक्टरसाहेब, म्हणजे नक्की काय समजायचं? आजी पेढे वाटायला निघाली होती, थांबवलंय.

दातांचा_डॉक्टर

पेढे आणायला हरकत नाही, पण मामा सुटला असं समजू नका. डिस्प्लासिया म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात, अजून हद्द ओलांडलेली नाही. मध्यम आहे, तेव्हा तो चट्टा काढून टाकायचा की नजर ठेवायची ते मॅडम ठरवतील, बहुतेक काढा म्हणतील. काढला तरी दर काही महिन्यांनी दाखवायचंच, दुसऱ्या जागी येऊ शकतो. तोंड उघडायचे व्यायाम रोज. आणि मावा पूर्ण बंद, 'नुसती सुपारी खातो' हे पण चालणार नाही.

बावड्याचा_पोरगा

तिथंच घोडं अडलंय. तंबाखू कमी केलीय म्हणतो, मावा सोडायला तयार नाही. म्हणतो आत ज्यानं दिवस काढून दिले त्याला कसा सोडू.

रंकाळा_रिटायर्ड

१८०० ११ २३५६, तंबाखू सोडायची सरकारी क्विटलाईन, फुकट आहे. त्याच्या हातात फोन द्या आणि खोलीतनं बाहेर या. तुमच्यासमोर बोलणार नाही.

आशा_ताई_करवीर

नाव घातलं का आशाकडं? पुढच्या तपासणीची तारीख तिच्या वहीत असू दे, ती मागं लागेल. आम्हाला तेवढंच येतं 😄

गडहिंग्लजची_लेक

हा धागा वाचून विचारतेय. माझे वडील येत्या महिन्यात रजेवर येणार आहेत, कळंबा जेलमधनं (कोल्हापूर). बिडी ओढतात, आवाज घोगरा झालाय म्हणून भावाला मुलाखतीत सांगत होते, दोन-अडीच महिने झाले. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालयात दाखवलं तर चालेल की कोल्हापूरलाच थांबवून घेऊ?

दातांचा_डॉक्टर

ताई, तीन आठवड्यांवर आवाज घोगरा म्हणजे स्वरयंत्र दुर्बिणीनं बघायला पाहिजे, कान-नाक-घसावाले बघतात. गडहिंग्लजला त्या दिवशी ईएनटी डॉक्टर आहेत का ते आधी फोन करून विचारा, नसतील तर उलटसुलट फेऱ्या नकोत, सुटताना कळंब्याहून सरळ सीपीआर. आणि रजेला महिना आहे तर तोपर्यंत थांबू नका, आत्ताच जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे लेखी द्या.

वकीलीण_कसबा

अर्जाचा मसुदा मी करून देते, मेसेज करा. आवाज कधीपासून बसलाय त्याची तारीख भावाला नीट आठवून लिहायला सांगा. आणि परत सांगते, पोच.